भुकेल्या अळीचा आठवडा

गोष्ट एका अळीची आहे. रविवारी सकाळी ती अंड्यातून बाहेर येते. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर, बुधवारी तीन आलुबुखार, गुरुवारी चार स्ट्रॉबेरी आणि शुक्रवारी पाच संत्री असा तिचा आहार वाढत जातो. शनिवारी केक, आइस्क्रीम, काकडीचे लोणचे, चीज असे दहा पदार्थ फस्त केल्यावर तिच्या पोटात दुखू लागते. दुसऱ्या रविवारी एक हिरवे पान खाऊन तिला बरे वाटते. मग ती स्वतःभोवती कोश करते आणि दोन आठवड्यांहून अधिक काळानंतर फुलपाखरू होऊन बाहेर पडते.

एरिक कार्ल या अमेरिकी चित्रकाराचे 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हे पुस्तक ३ जून १९६९ रोजी प्रसिद्ध झाले. मूळ इंग्रजी मजकूर अवघ्या २२४ शब्दांचा आहे. तरीही ६० हून अधिक भाषांत त्याची भाषांतरे झाली आणि जगभरात त्याच्या पाच कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. अंकमोजणी, आठवड्याचे वार, फळांची नावे, फुलपाखराचे जीवनचक्र अशा अनेक गोष्टी शिकवण्यासाठी बालवाडीपासून दुसरीपर्यंतच्या वर्गांत हे पुस्तक वापरले जाते.

मात्र 'वापरले जाते' म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. बाई पुस्तक वाचून दाखवतात, मुले हाताची घडी घालून ऐकतात. त्यानंतर छापील अळीचे कागद वाटले जातात, सर्वांनी त्यात हिरवा रंग भरायचा असतो. अळीने बुधवारी काय खाल्ले, हा प्रश्न आणि त्याचे एकच बरोबर उत्तर. तीस कागदांवर तीस सारख्या अळ्या तयार होतात, त्या फळ्याशेजारी लावल्या जातात आणि पुस्तक कपाटात परत जाते. उपक्रम पार पडतो, पण पुस्तकाशी मुलाची ओळख झाली की नाही, हे कळतच नाही.

चित्रपुस्तकावर आधारित उपक्रम कसा असावा, हे समजून घेण्यासाठी याच पुस्तकाच्या कर्त्याचे बालपण पाहणे उद्बोधक ठरते.

दोन वर्ग, दोन कागद

कार्ल यांचा जन्म २५ जून १९२९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूस येथे एका जर्मन स्थलांतरित कुटुंबात झाला. तेथील पहिल्या शाळेची आठवण ते आयुष्यभर सांगत असत. मोठाले कागद, झगझगीत रंग आणि जाड ब्रश असलेला तो वर्ग होता. ते सहा वर्षांचे असताना, १९३५ मध्ये, कुटुंब जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी परतले. तिथल्या शाळेत त्यांच्या हाती आला तो लहानसा कागद, टणक पेन्सिल आणि पट्टी. सोबत चूक न करण्याची ताकीद आणि छडी. पुढे महायुद्धात वडील सैन्यात ओढले गेले आणि सोव्हिएत रशियात युद्धकैदी झाले. ते घरी परतले तेव्हा १९४७ साल उजाडले होते. कार्ल यांनाही पंधराव्या वर्षी सीमेवर खंदक खणण्याच्या कामाला जुंपले गेले. १९५२ मध्ये ते अमेरिकेला परत आले.

घरातून शाळेत जाणे हा बालपणातील फार मोठा धक्का असतो, असे कार्ल मानत. आपली पुस्तके हा धक्का थोडा सौम्य करावीत, घराची ऊब आणि शाळेची शिस्त यांमध्ये पूल बांधावा, अशी त्यांची भूमिका होती. म्हणूनच त्यांची पुस्तके अर्धी खेळण्यासारखी आहेत. वाचता न येणाऱ्या मुलालाही ती हाताळता येतात.

या दोन वर्गांतील फरक हीच उपक्रमाची कसोटी मानता येईल. एकच पुस्तक घेऊन मोठा कागद आणि जाड ब्रशाचा वर्ग भरवता येतो, तसाच टणक पेन्सिल आणि पट्टीचाही. पहिल्या वर्गात मुलाला स्वतःचे काही आणायला जागा असते. दुसऱ्यात फक्त चुकण्याची भीती असते.

भोकांतून जन्मलेली गोष्ट

या पुस्तकाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील भोके. कार्ल एकदा कागदांच्या चळतीला छिद्रे पाडत होते. ती छिद्रे पाहून त्यांना पुस्तक पोखरणाऱ्या किड्याची कल्पना सुचली. त्यांचे पहिले टिपण 'विली' नावाच्या किड्याच्या एका आठवड्यावर होते. संपादिका अॅन बेनेड्यूस यांना किडा फारसा रुचला नाही. त्यांनी सुरवंट सुचवला आणि कार्ल यांना लगेच फुलपाखरू दिसले. सोमवार ते शुक्रवारची पाने क्रमाने रुंद होत जाणारी, प्रत्येक फळाला खरेखुरे भोक पाडलेले, अशी रचना ठरली. असे पुस्तक अमेरिकेत परवडणाऱ्या दरात छापणे शक्य होईना, तेव्हा पहिली आवृत्ती जपानमध्ये छापून घेण्यात आली.

हा तपशील शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ज्या भोकांसाठी एवढा खटाटोप झाला, ती भोके मागच्या ओळीतल्या मुलाला दिसतच नाहीत. त्यामुळे या पुस्तकाचा पहिला उपक्रम अगदी साधा आहे. पुस्तक प्रत्येक मुलाच्या हाती द्यावे आणि त्याला त्या भोकात बोट घालू द्यावे. पान फाटेल या भीतीने पुस्तक दुरून दाखवणे म्हणजे अळीची अर्धी गोष्ट काढून घेणे होय. फाटलेले पान चिकटपट्टीने जोडता येते.

मराठी वर्गात येथे एक गंमत आपोआप साधते. आपल्याकडे झाडाचेही पान आणि पुस्तकाचेही पानच. अळी पान खाते, हे वाक्य या पुस्तकाच्या बाबतीत दोन्ही अर्थांनी खरे आहे. ही गंमत बाईंनी सांगून टाकू नये. एखाद्या मुलाला ती स्वतः सापडली, तर त्या दिवसाचा भाषेचा पाठ तेथेच झाला असे समजावे.

आधी चित्र, मग अक्षर

मुलांना चित्रांतून शिकवण्याची कल्पना जुनी आहे. जॉन कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे 'ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस' हे सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. तरीही आपल्या वर्गांत चित्राकडे अनेकदा मजकुराची सजावट म्हणून पाहिले जाते. वास्तविक चित्रपुस्तकात चित्र हेही वाचायचे असते. अक्षरओळख नसलेले मूल ते वाचू शकते, कित्येकदा मोठ्यांपेक्षा बारकाईने वाचते.

म्हणून पहिल्या दिवशी मजकूर न वाचता केवळ चित्रे पाहावीत. अंड्याच्या पानावर रात्र आहे हे कशावरून कळते? चंद्राला चेहरा का आहे? भोकातून पुढच्या पानावरचे काय दिसते? पुढे काय होईल? अंदाज चुकला तरी हरकत नाही. अंदाज बांधणे आणि पान उलटून तो पडताळून पाहणे, हेच तर वाचन आहे.

या पद्धतीमागे संशोधनाचा आधार आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत केलेल्या अभ्यासात काही पालकांना, चित्रपुस्तक वाचताना मुलाला अधिक बोलते कसे करावे, हे शिकवले. महिनाभरानंतर त्यांची मुले बोलण्याच्या चाचण्यांत, नेहमीच्या पद्धतीने पुस्तक ऐकणाऱ्या मुलांच्या पुढे गेली होती. नऊ महिन्यांनी अंतर कमी झाले, तरी ते पुसले गेले नव्हते. या पद्धतीला पुढे 'संवादी वाचन' अशा अर्थाचे नाव मिळाले. ती चार पायऱ्यांची आहे. विचारणे, मुलाच्या उत्तराला दाद देणे, ते उत्तर थोडे वाढवणे आणि वाढवलेले वाक्य मुलाला म्हणू देणे.

वर्गात हे कसे घडेल, ते पाहा.

बाई : इथे काय दिसतंय?
मूल : अळी.
बाई : हो, हिरवी अळी. ती कुठून आली?
मूल : भोकातून.
बाई : बरोबर, सफरचंदाच्या भोकातून बाहेर आली. तू सांग बरं, कुठून आली?
मूल : सफरचंदाच्या भोकातून बाहेर आली.

एका शब्दाचे वाक्य झाले आणि ते मुलाच्या तोंडून आले. यात सर्वांत अवघड काम बाईंचे आहे. प्रश्न विचारल्यानंतर थांबणे. चार-पाच सेकंदांची शांतता मोठ्यांना सोसवत नाही आणि उत्तर आपणच देऊन टाकले जाते.

चिंचोक्यांचा जिना

गणिताचा उपक्रम या पुस्तकात जणू आयताच मिळतो. सोमवारी एक, मंगळवारी दोन असे शुक्रवारपर्यंत पाच. मुलांनी जमिनीवर चिंचोके मांडावेत. एकाखाली दोन, दोनाखाली तीन असा जिना तयार होतो आणि एकूण १५ चिंचोके लागतात. मोठ्या मुलांना पुढचा प्रश्न विचारता येतो. अळीने शनिवारी जास्त पदार्थ खाल्ले, की सोमवार ते शुक्रवार मिळून? शनिवारचे चित्र इतके भरगच्च आहे की मुले बेधडक 'शनिवारी' म्हणतात. मोजल्यावर मात्र १० आणि १५ असे उत्तर निघते. डोळ्यांना वाटते ते मोजल्यावर वेगळे निघू शकते, हा गणितातला मोठा धडा येथे पाच वर्षांच्या मुलाला मिळतो. शेवटच्या रविवारचे पान धरून एकूण २६ होतात. तेही मुलांनाच काढू द्यावेत.

वारांचा उपक्रम करताना केवळ सात नावे घोकून घेण्यात अर्थ नाही. वर्गाचा स्वतःचा आठवडा भिंतीवर मांडावा. सोमवारी कोणी काय पाहिले, मंगळवारी कोणाच्या घरी पाहुणे आले, हे चित्रांनी दाखवावे. शहरांतील मराठी शाळांत हिंदी वा उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुले मोठ्या संख्येने असतात. हिंदीत 'कल' हा एकच शब्द मागच्या आणि पुढच्या दिवसासाठी आहे, मराठीत मात्र 'काल' आणि 'उद्या' असे दोन शब्द आहेत. अळीने काल काय खाल्ले आणि उद्या काय खाईल, या खेळातून हा फरक व्याकरणाचे नाव न घेता रुजतो.

गोष्टीचा क्रम पक्का होण्यासाठी नाट्य उपयोगी पडते. जुन्या पुठ्ठ्याची फळे कापून त्यांना भोक पाडावे आणि बुटाची नाडी ही अळी समजून मुलांनी ती फळांतून ओवावी. बोटांना वळण लागते आणि ओवता ओवता गोष्टही सांगून होते. जुन्या मोज्याची अळी आणि रुमालाचे फुलपाखरू केले, तर लाजरे मूलही मोज्याच्या आडून बोलू लागते.

शनिवारचे ताट

शनिवारच्या पानावरील सलामी, स्विस चीज, चेरी पाय हे पदार्थ आपल्याकडील अनेक मुलांनी पाहिलेले नसतात. ते वगळू नयेत, पण त्यांच्या व्याख्याही पाठ करून घेऊ नयेत. हे काय असावे, गोड की तिखट, असे विचारावे. त्यानंतरचा स्वाभाविक उपक्रम म्हणजे आपल्या वर्गाचा शनिवार. आपल्या गल्लीत अळी आली तर काय काय खाईल? वडापाव, जिलेबी, कैरीचे लोणचे, ढोकळा, शीरखुर्मा, इडली अशी यादी होते आणि ज्याच्या घरी जो पदार्थ होतो, त्याचा शब्द वर्गात येतो. मुलांच्या चित्रांची पाने शिवून वर्गाचे स्वतःचे पुस्तक करता येते.

मात्र येथे शिक्षकाने सावध असावे. 'तुम्ही काल काय खाल्ले' हा प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतो. पण वर्गात एखादे मूल सकाळी काही न खाता आलेले असू शकते. एखाद्याच्या घरचा पदार्थ ऐकून दुसरी मुले नाक मुरडू शकतात. म्हणून प्रश्न अळीविषयी विचारावा, मुलाच्या ताटाविषयी नव्हे. अळीच्या आडून मुलाला हवे तेवढेच सांगता येते. पुस्तकाच्या नावातच भूक आहे आणि ती आपल्या काही वर्गांत खरी असते, याचे भान उपक्रमात सुटता कामा नये.

उपदेशाचा मोह हा दुसरा धोका. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये मुलांमधील स्थूलतेविरुद्धच्या मोहिमेत या पुस्तकाच्या १७ हजारांहून अधिक खास प्रती डॉक्टरांकडे पाठवल्या होत्या. सोबत सकस आहाराविषयी पालकांसाठी माहितीपत्रके होती. हेतू चांगलाच होता. पण वर्गात 'बघा, जंक फूड खाल्ले की असे पोट दुखते' एवढाच या गोष्टीचा अर्थ उरला, तर तो तिच्यावर अन्याय होईल. ही अळी शनिवारी जे खाते, त्याची शिक्षा म्हणून अळीच राहत नाही. तीही फुलपाखरू होतेच. कार्ल यांच्या मते ही आशेची गोष्ट होती. क्षुल्लक, इवलासा जीवही मोठा होऊ शकतो आणि स्वतःचे पंख पसरू शकतो, असे मुलाला वाटावे, हा तिच्या लोकप्रियतेचा अर्थ ते सांगत.

कोशातली चूक

या पुस्तकातील एक शब्द जीवशास्त्राच्या शिक्षकांना कायम खटकत आला आहे. रेशमाच्या धाग्यांचा कोश विणतात ते प्रामुख्याने पतंग. फुलपाखराच्या अळीची कात गळून आतून कडक आवरणाचा कोश उघडा पडतो. इंग्रजीत या दोन्हींना वेगवेगळे शब्द आहेत आणि कार्ल यांनी पतंगाचा शब्द फुलपाखराला वापरला. त्याला त्यांच्याकडे कारणही होते. लाजून मिटून बसलेल्या मुलाला त्यांचे वडील कोशातून बाहेर ये, असे म्हणत आणि तो शब्द त्यांच्या मनात घर करून होता.

मराठीत दोन्हींना कोश म्हणत असल्याने भाषांतरात ही चूक दिसेनाशी होते. तिच्या जागी दुसरा प्रश्न उभा राहतो. पुस्तकातला प्राणी सुरवंट म्हणावा की अळी? बोलीत सुरवंट म्हटले की केसाळ, अंगाला लागला की खाज आणणारा जीव डोळ्यांसमोर येतो. तसे सुरवंट बहुधा पतंगांचे असतात. फुलपाखराच्या बहुतेक गुळगुळीत डिंभांना आपण अळीच म्हणतो. वरच्या इयत्तांत हा चर्चेचा सुंदर विषय होऊ शकतो. पुस्तकात चूक असू शकते आणि ती पुरावा पाहून शोधता येते, हे कळणे विज्ञानशिक्षणाचे सार आहे.

पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. लिंबू किंवा कढीपत्त्याची एक कुंडी पुरते. लाइम बटरफ्लाय हे शहरांतही सर्रास आढळणारे फुलपाखरू त्यांवर अंडी घालते. लहानपणी त्याची अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळपट-पांढरी दिसते, त्यामुळे शत्रूच्या नजरेतून सुटते. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचले तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले इंद्रिय बाहेर काढून ती उग्र वास सोडते. वाढताना ती अनेकदा कात टाकते. कार्ल यांची अळी मात्र एकदाही कात टाकत नाही. खरी अळी सफरचंदही खात नाही, केकही नाही. ती लिंबाच्या कुळातील पानांवरच जगते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेल्या ब्लू मॉर्मनची अळीही याच कुळातील झाडांवर वाढते. असा मान फुलपाखराला देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले.

मुलांनी रोज एक चित्र काढून नोंद ठेवावी. आज किती पाने कुरतडलेली आहेत, रंग बदलला का, अळी कुठे गेली. हवामानानुसार अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिनाभराचा असतो. काही पथ्ये मात्र पाळावीत. अळी शक्यतो झाडावरच राहू द्यावी, केसाळ सुरवंटाला हात लावू नये आणि फुलपाखराचे पंख वाळून ते आपण होऊन उडेपर्यंत त्याला धरू नये. कधी कोश रिकामाच राहतो, कधी अळीला पक्षी उचलून नेतो. मुलांपासून तेही लपवू नये.

कार्ल यांचे वडील लहानग्या एरिकला रानात फिरायला नेत. एखादा दगड उचलून त्याखालचा किडा दाखवत, त्याच्याविषयी सांगत आणि मग त्या जिवाला अलगद त्याच्या घरी परत ठेवत. निसर्गाचा तास कसा घ्यावा, याचे याहून सोपे मार्गदर्शन नसेल.

घोडा निळा असू शकतो

चित्रकलेच्या उपक्रमातच छापील अळीचा धोका सर्वाधिक असतो. कार्ल यांची पद्धत मुलांना सहज जमणारी आहे. पातळ कागद आधी रंगवून घ्यायचे, त्यावर ब्रश, स्पंज किंवा बोटांनी पोत उमटवायचा आणि वाळल्यावर त्यांतून आकार कापून चिकटवायचे. आपल्याकडे पतंगाचा कागद, खळ आणि जुने वर्तमानपत्र एवढ्या साहित्यात हे होते. सोमवारी सर्वांनी कागद रंगवावेत, बुधवारी कापावेत, शुक्रवारी चिकटवावेत. मुले घाईला नव्हे, वाट पाहायला शिकतात.

आणि एखाद्याने अळी जांभळी केली तर? याचे उत्तर स्टुटगार्टच्या त्याच टणक पेन्सिलीच्या शाळेत आहे. फ्रिडोलिन क्राऊस नावाच्या तेथील कलाशिक्षकांनी बारा-तेरा वर्षांच्या कार्ल यांना घरी बोलावले आणि नाझी राजवटीने बंदी घातलेल्या आधुनिक चित्रकारांच्या चित्रांच्या प्रतिकृती गुपचूप दाखवल्या. असे करणे त्या काळी धोक्याचे होते. फ्रान्झ मार्क या चित्रकाराचे घोडे तेथे निळे होते. प्रथम चक्रावून गेलेला तो मुलगा ते रंग विसरला नाही. तब्बल सात दशकांनंतर, २०११ मध्ये, कार्ल यांनी निळा घोडा रंगवणाऱ्या चित्रकारावर पुस्तक काढून ते ऋण फेडले. मुलाच्या जांभळ्या अळीवर 'चूक' असा शेरा मारण्यापूर्वी ही गोष्ट आठवावी.

एक प्रत, चाळीस मुले

हे सारे ऐकायला बरे, पण वर्गात मुले चाळीस आणि पुस्तक एकच, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक इयत्तांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आणि प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय हवे, असे बंधन घातले आहे. कागदावरची ही तरतूद अनेक वर्गांत अद्याप दिसत नाही. त्यावर व्यवहार्य तोडगा असा की, आठ-दहा मुलांचा गट पुस्तकाभोवती बसावा, तोवर दुसऱ्याने चिंचोके मांडावेत, तिसऱ्याने कुंडीतली अळी पाहावी. आठवडाभरात प्रत्येक गटाची पुस्तकाशी दोनदा तरी भेट होते. आठवड्याच्या गोष्टीला आठवडा दिला, तर बिघडत काही नाही.

पुस्तक याच अळीचे हवे, असेही नाही. माधुरी पुरंदरे यांनी लिहिलेली आणि चितारलेली 'राधाचं घर' ही मालिका मराठी मुलाच्या घरातूनच उभी राहते. तिच्यावरही ही पद्धत तितकीच चपखल बसते. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या २०१५ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमातून मराठीसह अनेक भाषांतील चित्रगोष्टी मोफत उपलब्ध झाल्या आहेत. त्यामुळे केवळ पैशांअभावी चित्रपुस्तक नाही, ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर मानला. पाठोपाठ जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठरवण्यात आले. उद्दिष्ट आले की तक्ते, तपासण्या आणि गुण येतात. त्या दडपणाखाली चित्रपुस्तकही पुन्हा एक कार्यपुस्तिका होऊन बसण्याचा धोका आहे.

तेव्हा उपक्रम संपल्यावर शिक्षकांनी आणि घरी पालकांनीही स्वतःला तीन प्रश्न विचारून पाहावेत. जास्त कोण बोलले, मूल की मी? सर्व मुलांची चित्रे सारखी दिसतात का? आणि ते पुस्तक पुन्हा कोणी मागितले का?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. एरिक कार्ल यांचे २३ मे २०२१ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी निधन झाले. लहान कागद आणि टणक पेन्सिल हाती मिळालेल्या त्या मुलाने पुढे जगभरच्या मुलांपुढे मोठे कागद आणि भरपूर रंग ठेवले. आपल्या वर्गात निदान एवढे करता येईल. ते पुस्तक कपाटात कुलूपबंद न करता मुलाचा हात पोहोचेल अशा फळीवर ठेवावे.